कलम २ (ढ)

‘मासा’ म्हणजे कोणताही जलचर प्राणी,
जिवंत वा मृत, सबंध वा तुकड्यांत,
आणि त्यात कोळंबी, खेकडे, शिंपले,
त्यांची अंडी, त्यांची बछडी
बछडी खोडलं.
पिल्लं लिहिलं, तेही खोडलं.
विभागाच्या यादीत ‘शिशुमीन’ आहे.
पेन्सिलीने समासात टेकवून ठेवलाय.

दांडिया बाजारातल्या या दुसऱ्या मजल्यावरून
समुद्र दिसत नाही.
सुरसागर आहे, त्याला चारी बाजूंनी कठडा.
विश्वामित्री आहे, तिच्यातल्या मगरी
कुणाच्याच करारावर सही करत नाहीत.
आणि टेबलावर एक्क्याऐंशी पानं:
खोल समुद्रातील व्यापारी मासेमारी,
आंतरराष्ट्रीय तहास अनुसरून.
मराठी प्रत एकतीस तारखेच्या आत.

तह हा शब्द मला आवडतो.
पूर्वी तहात परगणे जायचे, घोडे यायचे,
आता कुपा मासा किती टन ते ठरतं.
खालचे रझाकभाई म्हणतात, ताई,
आमच्याकडे तह म्हणजे तळ.
मग बरोबरच आहे, म्हटलं.

आमचे पणजोबा हुजूर कचेरीत तर्जुमे करत.
टिपणीस आडनाव त्यांनी फुकट लावलं नाही.
जमिनीचे, जकातीचे, अफूचे कायदे
त्यांनी मराठीत बसवले.
मासे मात्र नुसते खाल्ले.

पान तेवीस. जे धरायचं नव्हतं
आणि तरी जाळ्यात आलं, त्याला काय म्हणायचं?
यादी म्हणते, ‘आनुषंगिक पकड’.
मी मच्छीपीठला रूखीबेनना फोन लावला.
मागे बर्फ फोडल्याचा आवाज.
कुटो, त्या म्हणाल्या. कुटोच ने, बीजुं शुं?
वाळवून दळतात, कोंबड्यांना घालतात.
मग थोडं थांबून,
आमचा वेलजी पण कुटोच झाला, बेन.

वेलजी त्यांच्या दिराचा मुलगा. वेरावळचा.
इंजिन बंद पडलं, रात्रभर बोट वाहत गेली,
पहाटे दुसऱ्या झेंड्याची लाँच आली.
त्याला आता दोन वर्षं सात महिने.
पत्र येतं, त्यात तब्येत बरी असते.

पान एकतीस. जे मासे एका देशाच्या पाण्यातून
दुसऱ्याच्या पाण्यात जातात,
त्यांना ‘अतिस्थलांतरी साठा’ म्हणावे,
आणि दोन्ही देशांनी त्यांच्या रक्षणासाठी
सद्भावनेने सहकार्य करावे.
हे वाक्य मी एका दमात उतरवलं.
एकही शब्द अडला नाही.
चहा ठेवायला उठले,
आणि गॅसपाशी नुसतीच उभी राहिले.

मुशीचे पर नौकेवर कापू नयेत,
बंदरात येईपर्यंत ते धडाशी
नैसर्गिकरीत्या जोडलेले असावेत.
जाळ्याला कासवासाठी खिडकी असावी.
‘व्यक्ती’ या संज्ञेत
कंपनी, भागीदारी, मंडळ, न्यास
यांचा समावेश होतो.
मी पान उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं.

रविवारी मच्छीपीठला गेले. उशीरच झाला होता.
रूखीबेनच्या पाटीत तळाला चार सुरमया,
वीतभरही नाहीत.
एक तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या,
आ तो पोर छे. याला सोडायला पाहिजे होतं.
कोण सोडतं?
आणि त्याच हाताने ती तराजूत ठेवली.
मी नको म्हणाले नाही.
पंधरा दिवस घरात मासा नव्हता,
पैसे सुटे होते,
आणि पिशवी मी घरूनच नेली होती.

रात्री ताट घासलं, दिवा लावला,
खोडलेल्या दोन शब्दांच्या वर लिहिलं:
त्यांची अंडी, त्यांची पोरं.
विभाग परत पाठवील, लाल शाईत.
मानधनातून कापूनही घेईल कदाचित.
बोटांना अजून वास होता,
तो पानाला लागला असेल, तर लागो.